घरात आजारपण असताना हसू आलं तर? चांगल्या भावनांवरचं संशोधन आणि आपले अनुभव

मासुंदा | रविवार, रात्री ११.१०

लिहू की नको करता करता महिना गेला. आज लिहितेच.

सात महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वय ७४. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा थांबला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. आवाज आहे, शब्द गेले. एकच शब्द उरला, "सोमवार". पाणी हवं असलं तरी सोमवार, पंखा बंद करायचा असला तरी सोमवार. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की डाव्या मेंदूला इजा झाल्यावर काही जणांकडे असा एखादाच शब्द शिल्लक राहतो. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूवरून बोलण्याची जागा दाखवून दिली, तोही "टॅन" एवढंच म्हणायचा. आता आम्हाला बाबांच्या सुरावरून कळतं. तुटक सोमवार म्हणजे नको. लांबवलेला सोमवार म्हणजे आईला हाक.

नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी एकुलती एक, नोकरी ऐरोलीला. सकाळी बाबांचं सगळं आटपून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, संध्याकाळी परत आले की आईची सुटका.

गेल्या महिन्यात समोरच्या काकू डबा घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी आईला विचारलं, "अहो वहिनी, आज वार कोणता हो? माझी गोळी चुकली की काय?" आणि आतून, खाटेवरून, बाबा खणखणीत म्हणाले, "सोमवार!"

त्या दिवशी खरंच सोमवार होता.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आई हसायला लागली, भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून. काकू हसल्या. मी डब्याचं झाकण हातात धरून इतकी हसले की खाली बसले. आणि बाबा! त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, उजवी तशीच होती, डाव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं झालं होतं. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

रात्री पाठ टेकली आणि भयंकर शरम वाटली. बाप असा पडलाय, त्यांचा शब्द गेलाय, आणि आपण त्यावरच हसलो. दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकांचा फोन, "पॉझिटिव्ह राहा गं, सगळं छान होईल." त्याचाही इतका राग आला की फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. हसल्याची शरमही वाटते आणि आनंदी राहा म्हटल्याचा रागही येतो, हे काय आहे ते कळेना. म्हणून वाचायला घेतलं.

सगळ्यात आधी सापडलं ते सुझन फोकमन यांचं काम. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी एड्सच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या पुरुष जोडीदारांचा काही वर्षं अभ्यास केला. एड्सवर प्रभावी औषधं येण्याआधीचा काळ, म्हणजे घरातला माणूस जाणार हे ठरलेलंच. दर दोन महिन्यांनी मुलाखत व्हायची आणि प्रश्न असायचे ते त्रासाचे. थोड्याच दिवसांत त्या पुरुषांनीच सांगितलं, तुम्ही नुसतं वाईटच विचारताय, चांगलं काय घडलं तेही विचारा, नाहीतर आमचं खरं तुम्हाला कळणारच नाही. मग तेही विचारायला सुरुवात झाली, आणि जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत काही ना काही निघालं. मोठं काहीच नाही. मित्राचा फोन, जेवण नीट जमलं, मावळतीचं आकाश. त्यांची उदासी कमी नव्हती, उलट खूप जास्त होती. तिच्याच शेजारी हे सगळं नांदत होतं. १९९७ मध्ये फोकमन यांनी हे लिहिलं, तोवर ताणावरच्या अभ्यासात चांगल्या भावनांना कोणी फारसं विचारत नव्हतं.

हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कोणीतरी सांगत होतं की तू हसलीस म्हणजे तुझं दुःख खोटं नाही.

मला विचारायचंय ते हे. ठाणे, नवी मुंबईतल्या ज्यांच्या घरी असं आजारपण आहे किंवा होऊन गेलंय, त्यांना असे क्षण आले का? तुम्ही त्यांचं काय केलंत? आणि या विषयातलं कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, मी अर्धवट वाचलंय.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ७.०५

मासुंदा, आधी तुझ्या आईला आणि तुला मनापासून नमस्कार.

मी वाशीत ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. तू वाचलंस त्याच्या पुढचा धागा बार्बरा फ्रेडरिकसन यांच्याकडे जातो. त्यांनी १९९८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: चांगल्या भावनांचा उपयोग काय? भीतीचा उपयोग कळतो, पळायला लावते. राग अंगावर धावून जायला लावतो. किळस आली की आपण थुंकतो. आनंद झाला की नेमकं काय करायचं असतं? काही ठरलेलं नाही. म्हणूनच अभ्यासकांनी तो बाजूला ठेवला होता. फ्रेडरिकसन म्हणाल्या, काही ठरलेलं नाही हीच तर त्याची खूण. वाईट भावना मनाला एका बिंदूवर आणतात, चांगल्या भावना मन पसरवतात. आणि मन पसरलेलं असताना आपण जे करतो, खेळतो, गप्पा मारतो, नवीन काही बघतो, त्यातून पुढे उपयोगी पडेल असं काहीतरी साठतं: ओळखी, कसब, धीर. भावना पाच मिनिटांत ओसरते, साठलेलं राहतं.

मी हे बारावीच्या वर्गात करून दाखवते. फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकारी ब्रॅनिगन यांनी २००५ मध्ये १०४ विद्यार्थ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. कोणाला पेंग्विनांची गंमत, कोणाला शांत निसर्ग, कोणाला भीती वा राग यावा असं काही, कोणाला काहीच न वाटावं असं काही. मग कागद दिला, त्यावर २० रिकाम्या ओळी: "मला आत्ता अमुक करावंसं वाटतंय." आनंदी चित्रफीत पाहिलेल्यांच्या ओळी जास्त भरल्या. चिडलेल्या, घाबरलेल्यांच्या कमी. माझ्या वर्गात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलं चार ओळींवर अडकतात, आणि त्यातल्या दोन "झोपावंसं वाटतंय" असतात. ट्रिप झाल्यावर तीच मुलं कागद उलटा करून मागे लिहितात. हा काही प्रयोग नव्हे, पण मुलांना लगेच पटतं.

तू ज्याला शरम म्हणतेस त्याबद्दल एक सांगते. त्याच गटाचा २००० साली आलेला प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, एक मिनिटात भाषण तयार करा, तुमचं चित्रीकरण होणार आहे. सगळ्यांची छाती धडधडायला लागली. मग भाषण न घेता चित्रफीत दाखवली. समुद्राच्या लाटा किंवा कुत्र्याचं पिल्लू पाहणाऱ्यांचं हृदय लवकर ठिकाणावर आलं, काहीच न वाटावं अशी चित्रफीत पाहणाऱ्यांचं त्यानंतर, आणि दुःखी चित्रफीत पाहणाऱ्यांचं सगळ्यात उशिरा. सात महिने तुम्हा तिघांची छाती धडधडते आहे. त्या दिवशी डब्याचं झाकण हातात धरून तू खाली बसलीस, ती तुझ्या शरीराला मिळालेली विश्रांती होती. शरम कशाची?

---

खोपटचा जुना | सोमवार, सकाळी १०.३२

मासुंदाताई, तुमच्या वडिलांना लवकर आराम पडो.

मी बँकेतून निवृत्त झालोय, आकड्यांत आयुष्य गेलं. पाटीपेन्सिल बाईंनी सांगितलेल्या फ्रेडरिकसन यांचं नाव वाचून मात्र मला थांबावंसं वाटलं. दहा वर्षांपूर्वी मुलीच्या ऑफिसच्या कुठल्याशा शिबिरातून एक आकडा आमच्या घरात आला होता: २.९०१३. म्हणे एका वाईट भावनेमागे चांगल्या भावना यापेक्षा जास्त असल्या की माणूस फुलतो, कमी असल्या की कोमेजतो. चार दशांश स्थळांपर्यंत! मन म्हणजे काय व्याजदर आहे? पत्नीच्या किमोथेरपीच्या काळात मुलगी रोज रात्री वहीत हिशोब लिहायची, आज किती चांगलं, किती वाईट. गुणोत्तर आलं नाही की रडायची. ती वही मी अजून ठेवली आहे.

तो आकडा फ्रेडरिकसन आणि लोसाडा यांच्या २००५ च्या लेखातला. हवेच्या, द्रवाच्या हालचालीसाठी केलेली समीकरणं त्यांनी भावनांना लावली होती. निक ब्राउन नावाच्या, पन्नाशीत अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते खटकलं. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेतलं आणि २०१३ मध्ये त्या गणिताला काहीही आधार नाही हे दाखवून दिलं. ते गणित मागे घ्यावं लागलं. तोवर आठ वर्षं जगभर शिबिरं झाली.

मला कोणाचं मन दुखवायचं नाही. पण आजाऱ्याच्या घरात असा आकडा येतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, दुपारी ४.५०

काका, तुमच्या मुलीच्या वहीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी ते वर लिहायला हवं होतं. फ्रेडरिकसन यांनी २०१३ मध्ये त्या गणिती भागातून माघार घेतली. वाईटाहून चांगलं जास्त असणं हिताचं, हे आपलं म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी वर्गात तो आकडा मुद्दाम फळ्यावर लिहिते आणि मग पुसते, म्हणजे शास्त्र कसं चुकतं आणि कोण दुरुस्त करतं हेही मुलांना कळतं.

पण आकडा गेला म्हणून सगळं गेलं असं नाही. धडधड शांत होण्याचा प्रयोग त्या समीकरणावर उभा नाही. फोकमन यांच्या मुलाखतींचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. आणि तुमच्यासारख्या आकड्यांच्या माणसाला आवडेल असा एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या १८० जोगिणींनी, म्हणजे कॅथलिक नन्सनी, साधारण २२ व्या वर्षी मठात येताना हाताने लिहिलेली आत्मवृत्तं जपून ठेवलेली होती. डॅनर, स्नोडन आणि फ्रीसेन यांनी २००१ मध्ये त्यातली चांगल्या भावनांची वाक्यं मोजली आणि त्या बायका पुढे किती जगल्या ते पाहिलं. सगळ्यांचं जेवण एक, राहणं एक, काम साधारण एक. ज्यांच्या लिखाणात अशी वाक्यं सर्वांत जास्त होती तो गट, सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा सरासरी जवळजवळ ७ वर्षं जास्त जगला. यावरून "आनंदी राहा म्हणजे जास्त जगाल" असं सिद्ध होत नाही. स्वभाव, तब्येत, घरचं बालपण, काहीही त्यामागे असू शकतं. पण दुर्लक्ष करावं असंही ते नाही.

---

रबाळे नाइट शिफ्ट | मंगळवार, पहाटे ५.४०

कामावरून आत्ताच आलो, धागा वाचून झोप उडाली.

मासुंदाताई, तुमचा तो राग अगदी रास्त आहे. आमच्या ऑफिसात (नाव लिहीत नाही) गेल्या वर्षी एका फटक्यात बरीच माणसं काढली. पुढच्या सोमवारी कँटीनच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्यांचा फलक लागला, "आज मी कशासाठी कृतज्ञ आहे". शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने एक लिहायची. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, त्याचा मग अजून टेबलावर होता. मी लिहिलं, "नोकरी आहे यासाठी कृतज्ञ." लिहिताना हाताला घाण लागल्यासारखं वाटलं.

तेव्हा मीही शोधलं होतं. जोआन वुड यांचा २००९ चा कॅनडातला अभ्यास आहे. लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच ते औषध बाधतं. आयरिस मॉस यांचंही २०११ चं काम आहे, आनंद मिळालाच पाहिजे असं ज्यांना फार वाटतं त्यांच्या हातून तो निसटतो, आणि तेही नेमका जेव्हा आनंद व्हायला हरकत नसते तेव्हा.

माझं मत: आपसूक आलेलं हसू आणि मागून घेतलेलं हसू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्या घरचा सोमवार आपसूक आला.

---

घणसोली सेक्टर | मंगळवार, सकाळी ९.१५

रबाळे, अनुमोदन.

कृतज्ञतेची वही मीही लिहिली, रोज. पंधरा दिवसांत "चहा, नवरा, पाऊस" असं रतीब घातल्यासारखं व्हायला लागलं. नंतर कळलं की एमन्स आणि मॅकलो यांच्या २००३ च्या मूळ अभ्यासातल्या पहिल्या भागात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांनाही आठवड्यातून तीनदापेक्षा एकदा लिहिणाऱ्यांनाच फायदा झालेला दिसला. आता मी फक्त शुक्रवारी लिहिते. लिहायला काही असेल तर.

---

कळवा सिस्टर | मंगळवार, रात्री १०.०२

मी बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच न्यूरोच्या वॉर्डात. तीन गोष्टी सांगायच्यात. वाचून सोडून देऊ नका.

झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. नुसतं दुःख नव्हे, आजारच. खाणं सोडणं, व्यायामाला नाही म्हणणं, भिंतीकडे तोंड करून पडणं. बोलता येत नसलं की ते कोणाच्या लक्षात येत नाही, "हट्टी झालेत" म्हणतात. असं दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे. त्या वेळी घरातल्यांनी हसवत बसून भागत नाही.

दुसरं, काही रुग्णांना कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं आणि थांबवता येत नाही. तेही मेंदूच्या इजेमुळेच. तुझ्या बाबांचं हसू त्यातलं वाटत नाही, प्रसंगाला धरून होतं आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या असं तू लिहिलंयस. नुसतं तोंड हसवता येतं, डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा खऱ्या हसण्यातच आवळतो. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवलंय, म्हणून त्या हसण्याला त्याचंच नाव आहे. तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांग.

तिसरं तुझ्यासाठी आणि आईसाठी. शुश्रूषा करणारं माणूस मोडतं, आणि मोडेपर्यंत कोणाला सांगत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, तिथे माणूस समोर बसून ऐकतं. जायला लाजू नका.

आणि हो, बाबांना गाऊन बघायला सांगितलंय का कोणी? डाव्या मेंदूमुळे ज्यांचं बोलणं गेलंय त्यातले काही जण पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणू शकतात. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, तीन आठवडे मुके. सकाळी अंघोळ घालताना मी आरती गुणगुणत होते. दुसऱ्या कडव्याला माझ्याबरोबर दुसरा आवाज यायला लागला. हातातला मग तसाच राहिला माझ्या. बॉस्टनमध्ये १९७३ पासून सुरावर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धतीच आहे. सगळ्यांना जमतं असं नाही. करून बघ.

---

खारघर आई | बुधवार, दुपारी १२.२०

घरात आजारपण नाही, तरी लिहितेय.

शेली गेबल यांचं २००४ चं संशोधन वाचलं होतं. वाईट बातमीला आपण कसं धावतो त्यापेक्षा, चांगल्या बातमीला काय म्हणतो त्यावर नातं किती तरतं ते कळतं असं त्या म्हणतात. समोरचा खुशीत येऊन काही सांगतो तेव्हा चार तऱ्हा: मन लावून आनंदात भर घालणं, नुसतं "छान" म्हणणं, त्यातलं वाईट काढून दाखवणं, किंवा ऐकलंच नाही असं करणं. नातं जोडते ती फक्त पहिली.

त्याच आठवड्यात मुलगा धापा टाकत वर आला, "आई, कबड्डीच्या टीममध्ये घेतलं मला!" आणि माझ्या तोंडून आलं, "मग अभ्यास?" त्याचा चेहरा पाहिला आणि पोटात खड्डा पडला. माझे वडीलही असंच म्हणायचे. मी गॅस बंद केला, त्याला बसवलं आणि विचारलं, कोणी निवडलं, कुठल्या जागेवर, सर काय म्हणाले. तो पाऊण तास बोलत होता. डावा कोपरा खेळतो तो, हे मला तेव्हा कळलं.

आपल्याकडे याला शब्दही आहे की. पतंजलींनी मैत्री आणि करुणेच्या जोडीला मुदिता सांगितली, दुसऱ्याच्या बऱ्यात आपलं बरं वाटणं. करुणा आपण मुलांना शिकवतो. मुदिता शिकवायची राहून गेली असं मला फार वाटतं.

---

नेरूळ पाणकाठ | बुधवार, रात्री ९.३३

मासुंदा, बाबांना घराबाहेर कधी काढलंय का? दवाखाना सोडून.

विचारतो कारण विस्मयावरचा २०२० चा एक अभ्यास मला सोडत नाही. व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांना आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चालायला लावलं, आठ आठवडे. निम्म्यांना फक्त चाला म्हटलं. निम्म्यांना सांगितलं, काहीतरी नव्याने बघा, लहान मुलासारखं. प्रत्येक वेळी स्वतःचा फोटो काढायचा. आठ आठवड्यांनी फोटो पाहिले तर दुसऱ्या गटाच्या फोटोंत आजूबाजूचं जग मोठं आणि स्वतःची आकृती लहान लहान होत गेली होती, आणि हसू मोठं. रोजचा त्रासही कमी झाला होता. हे मी कितीतरी जणांना सांगितलंय.

आई गेल्यानंतर मी जवळजवळ वर्षभर कुठे बाहेर पडत नव्हतो. एका सकाळी नेरूळच्या डीपीएस तळ्यापाशी गाडी पंक्चर झाली म्हणून उतरलो. भरतीची वेळ होती. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, फ्लेमिंगोंना पाय टेकायला जागा उरत नाही, मग ते तळ्यांवर येतात. डोक्यावरून आले, माना लांब, पंखाखाली लाल-काळं, आणि पंखांचा आवाज सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. मेकॅनिक येईपर्यंत मी तिथेच उभा होतो. आई गेल्याचं दुःख होतं तसंच होतं. फक्त त्याच्याभोवती जागा झाली.

भरतीचं वेळापत्रक बघून जा. गाडी तळ्याजवळ उभी राहते, त्यांना उतरवायलाही नको.

---

मासुंदा | रविवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. एकेक प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

सिस्टर, गुरुवारी आरती म्हणून पाहिली. पहिल्या दिवशी काही नाही, बाबा नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशीही नाही. काल संध्याकाळी आई दिवा लावताना सहज म्हणत होती, आणि ओळीच्या शेवटचा शब्द मागून आला. फक्त शेवटचा. मग पुढच्या ओळीचा शेवटचा. आई थांबली नाही, तिला कळलं होतं, थांबलं तर जाईल. मी दारात उभी होते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, नैराश्याचंही विचारणार आहे, कारण तुम्ही लिहिलेलं भिंतीकडे तोंड करणं आमच्याकडे आहे. आम्ही त्याला हट्टच म्हणत होतो.

खोपटचे काका, तुमच्या मुलीला माझ्याकडून सांगा, मीही मनातल्या मनात तसाच हिशोब ठेवत होते. आता सोडला.

आणि आज नेरूळला जाऊन आलो. बाबांना प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीत बसवून दोन मजले उतरवायला चार माणसं लागली: वॉचमन, इस्त्रीवाला, काकूंचा मुलगा आणि मी. पहिल्या वळणावर खुर्ची कठड्याला घासली तेव्हा बाबांनी डाव्या हाताने इस्त्रीवाल्याचा शर्ट गच्च धरला. परत जाऊया असं मी म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनीच खाली बोट दाखवलं.

भरती साडेअकराची होती. आम्ही काच खाली करून बसलो. बराच वेळ काही आलं नाही, नुसता खाडीचा वास. बाबा पेंगले. मग आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आधी आठ-दहा, मग किती ते मोजले नाहीत. बाबांनी मान जेवढी वळते तेवढी वळवली आणि शेवटचा पक्षी पाण्यावर टेकेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवार."

हा सूर आम्ही आधी ऐकला नव्हता. तुटक नाही, लांबवलेला नाही. हळू होता, कोणाला काही न सांगणारा.

आई म्हणाली, "हो, हो. बघितले मी पण."

येताना ऐरोलीच्या पुढे बाबा झोपले. वर चढवायला मात्र फार त्रास झाला, इस्त्रीवाला दुकान बंद करून गेला होता आणि आम्ही तिघंच होतो. पहिल्या मजल्यावर दहा मिनिटं खुर्ची टेकवून बसलो. पक्षी मे संपेपर्यंत असतात असं वाचलं. त्याआधी आणखी एकदा न्यायचंय. नौपाड्याच्या आसपास कोणी रविवारी सकाळी मोकळं असेल तर विपू (मला निरोप) करा. खुर्चीचा एक पाय धरायचा आहे.

---

खोपटचा जुना | रविवार, रात्री १०.४१

मी वजन उचलू शकत नाही, गुडघे गेलेत. मुलगी आणि जावई येतील, दोघं धट्टेकट्टे आहेत. मुलीला तुमचा निरोप वाचून दाखवला. ती म्हणते, खुर्ची प्लास्टिकची नको, आमच्याकडे पत्नीची घडीची व्हीलचेअर माळ्यावर आहे, मागे दोन मुठी आहेत त्यामुळे जिन्यात धरता येते. उद्या काढून पुसून ठेवतो. पत्ता विपू करा.